वाळकेश्वरच्या गच्चीवरील त्या पहाटेसाठी आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

१ मे २०२२ च्या पहाटे शुक्र आणि गुरू यांच्या युतीचे, म्हणजे आकाशात ते अगदी जवळ दिसत असतानाचे, जे छायाचित्र मला मिळाले, त्याची मोठी प्रत घेऊन मी काही महिन्यांनी वाळकेश्वरला आलो, तेव्हा तुम्ही पहाऱ्याचे काम सोडून गावी गेल्याचे कळले. तुमचा पत्ता कोणाकडेच नव्हता. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. तुमच्या घरच्या कोणाच्या तरी वाचनात ते येईल अशी आशा आहे.

गच्ची वापरण्याची परवानगी सेक्रेटरींनी दिली होती, पण तेवढ्याने काम झाले नसते. मी युतीविषयी सांगू लागलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘शुक्राची चांदणी ना? तिच्या खाली दुसरी एक आहे. आठ-दहा दिवस बघतोय, दोघी रोज जवळ येतायत.’’ ती दुसरी चांदणी म्हणजे गुरू. शुक्र त्याला दिवसाला सुमारे एक अंश या वेगाने गाठत होता आणि रात्रपाळीत तुम्ही ते नुसत्या डोळ्यांनी टिपले होते. ती उगवताना गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यातून दिसते, हेही तुम्ही त्याच दिवशी कठड्यापाशी नेऊन दाखवलेत. माझ्या नकाशाने दिशा दिली असती. पाण्याची टाकी आड येते, हे तुमच्यामुळेच कळले.

त्या रात्री चैत्र अमावास्या होती, त्यामुळे आकाशात चंद्र नव्हता. चारच्या सुमारास दोन्ही ग्रह मरीन ड्राइव्हच्या इमारतींमागून वर आले, तेव्हा दमट हवेमुळे ते पिवळट आणि मंद होते. साडेचारनंतर शुक्र पांढरा झाला आणि त्याला चिकटल्यासारखा गुरू स्पष्ट दिसू लागला. दोघांमधले अंतर पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या अर्ध्याहून थोडेसेच अधिक होते. प्रत्यक्षात शुक्र आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर होता आणि गुरू सुमारे ८४ कोटी किलोमीटरवर. तरीही खालच्या दिव्यांच्या रांगेवर ते शेजारी ठेवल्यासारखे दिसत होते. वर उजवीकडे मंगळ आणि शनी एकाच तिरप्या रेषेत होते, तेही तुम्ही माझ्याआधी ओळखलेत.

एवढे लहान अंतर वेगळे दाखवायचे तर लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि अशा लेन्सला जमिनीची बारीकशी थरथरही सहन होत नाही. मी २०० मिलिमीटरची लेन्स लावून एक-एक सेकंदाचे एक्स्पोजर घेत होतो. त्याहून अधिक वेळ शटर उघडे ठेवले, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रहांचे बिंदू ओघळतात. कमी ठेवले, तर इमारती काळ्या पडतात. पहाट फुटण्याआधी आकाश गडद निळे होते आणि शहराचे दिवे व ग्रह दोन्ही नीट उमटतात, ती वेळ त्या दिवशी पाचनंतरची होती. नेमका पाच वाजता इमारतीचा पंप सुरू होतो आणि सगळा स्लॅब हलतो, हे मला ठाऊकच नव्हते.

तुम्हाला ठाऊक होते. मी काही विचारण्याआधीच तुम्ही टाकीतील पाण्याची पातळी पाहून आलात, कोणाचे पाणी अडणार नाही याची खात्री केलीत आणि पंप वीस मिनिटे थांबवलात. जिन्याजवळचा दिवा लेन्सवर येत होता, तोही तुम्ही बंद केलात आणि परतताना मला पायऱ्या दिसाव्यात म्हणून हातात बॅटरी घेऊन उभे राहिलात. त्या वीस मिनिटांतल्या एकाच चौकटीत शुक्र, गुरू आणि किनाऱ्यावरच्या इमारतींच्या खिडक्या एकाच वेळी रेखीव आल्या आहेत. पंप सुरू झाल्यानंतरची सर्व चित्रे मी ताडून पाहिली. प्रत्येकात दोन्ही ग्रहांना शेपट्या फुटल्या आहेत.

तुम्ही केलेल्या मदतीबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. त्या पहाटे घाईत मी नुसते ‘‘येतो’’ म्हणून निघालो, याची खंत अजून आहे. छायाचित्राची प्रत इमारतीच्या कार्यालयात तुमच्या नावाने ठेवली असून तिच्या मागे तारीख, वेळ आणि ‘पंप बंद’ असे लिहिले आहे.

आपला कृतज्ञ,
गच्चीवरचा छायाचित्रकार