अपील उशिरा, भुर्दंड मात्र समोरच्याला

संपादक साहेब,

माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट झाला, फ्लॅटमधला हिस्साही कोर्टाने तिला दिला, आम्ही पेढे पण वाटले आणि सव्वा वर्षाने नवऱ्याकडच्यांचं अपील आलं, सोबत विलंब माफीचा अर्ज, कारण काय तर म्हणे आजारपण. हिंदू विवाह कायद्यात अपिलाची मुदत 2003 मध्ये 30 दिवसांची 90 केली, म्हणजे लोकांना वेळ मिळावा म्हणूनच ना? तरी लिमिटेशन ॲक्टचं कलम 5 आहेच, पुरेसं कारण दाखवा आणि या. खरंच आजारी असलेल्याला ते मिळायलाच हवं, पण इथे नुसता उशीर माफ करायचा की नाही यावरच चार तारखा गेल्या, फ्लॅट तसाच अडकलेला. आपल्याकडे अशा केसेसमध्ये बायकांना 1994 पासून कोर्ट फी माफ आहे हे खरं, पण वकिलाची फी, झेरॉक्स, बुडालेले खाडे कोण देणार? आणि खोट्या दाव्याबद्दल दिवाणी कायद्याच्या कलम 35-अ खाली भरपाई जास्तीत जास्त किती, तर 3000 रुपये! एवढ्यात वकील एक तारीख तरी उभा राहतो का? निदान उशिरा येणाऱ्याकडून समोरच्याचा तोवरचा खर्च आधी जमा करून घ्या.

– एक वाचक, डोंबिवली