गृहमंत्री महोदय, वर्दीतल्या आरोपींची नोंदवही कुठे आहे?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय,

२०१७ च्या प्रजासत्ताक दिनी जाहीर झालेल्या राष्ट्रपती पोलीस पदकांच्या यादीत अभय कुरुंदकर या वरिष्ठ पोलीस निरीक्षकाचं नाव होतं. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे तेव्हा नऊ महिन्यांपासून बेपत्ता होत्या आणि त्यांच्या घरचे नवी मुंबईत पोलिसांचे उंबरठे झिजवत होते. एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने बिद्रे यांच्या खुनाबद्दल कुरुंदकरला जन्मठेप सुनावली. मृतदेह सापडलेला नाही. असा माणूस पदकापर्यंत पोहोचलाच कसा, याबद्दल निकालाच्या वेळी न्यायालयानेही आश्चर्य व्यक्त केलं.

मला त्यात आश्चर्य वाटत नाही. शिफारस खालून निघते आणि टेबलामागून टेबल करत वर जाते. वाटेत सेवापुस्तक उघडलं जातं. बक्षिसं किती, कसुरी किती, विभागीय चौकशी चालू आहे का, एवढं बघतात. बेपत्ता बाईच्या घरच्यांचा अर्ज त्या पुस्तकात येत नाही, तो भलत्याच कार्यालयाच्या आवक नोंदवहीत पडून असतो. तेव्हा पदकाच्या फायलीत कुणी खोटं लिहिलं असेल असं समजायचंही कारण नाही. खरं सांगणारा कागद त्या फायलीपर्यंत जाण्याची सोयच आपल्याकडे नाही.

ती सोय करा, एवढंच मागण्यासाठी हे पत्र.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पोलिसांच्या स्मरणशक्तीचा मला चांगलाच अनुभव आहे. पंधरा वर्षांपूर्वी साखळीचोरीत नाव आलेला माणूस आज किरकोळ मारामारीत सापडला, तरी कोठडी मागणाऱ्या रिमांड रिपोर्टसोबत तक्ता जोडलेला असतो: पोलीस ठाणे, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम, साल. खाली ठरलेलं वाक्य, ‘आरोपी हा रेकॉर्डवरील गुन्हेगार असून...’. त्यातले निम्मे खटले निर्दोष सुटलेले असतात, पण तक्त्यातून ते सुटत नाहीत. तपासी अंमलदाराला ही कुंडली काढायला आता संगणकावर फार वेळ लागत नाही.

असाच तक्ता वर्दीतल्यांचा मिळेल का, म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला होता. दहा वर्षांत आपल्या पोलीस घटकातल्या (जिल्हा किंवा आयुक्तालयातल्या) किती जणांवर गुन्हे दाखल झाले, किती निलंबित झाले, त्यातले किती परत आले आणि कुठे नेमले गेले? एका पानाचं उत्तर आलं. ‘मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ आणि ‘विभागीय चौकशीची माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’. दुसऱ्या ओळीला कायद्याचा टेकू आहे. कर्मचाऱ्यावरच्या शिस्तभंगाच्या कारवाईचा तपशील ही त्याची वैयक्तिक माहिती ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटलं, आणि तेव्हापासून प्रत्येक माहिती अधिकाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये त्या निकालाची झेरॉक्स असते. त्या ओळीचा मला राग आला. पहिल्या ओळीची मात्र धास्ती वाटली, कारण ती खरी असावी.

मोजणारे नाहीत असं नाही, उलट ते फारच आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी कोठडीमृत्यूंचे आणि पोलिसांवरच्या गुन्ह्यांचे तक्ते छापतो. कोठडीतला प्रत्येक मृत्यू २४ तासांत कळवावा, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ मध्येच बजावलेलं आहे, त्यामुळे आयोगाची मोजणी वेगळी. लाचेचे गुन्हे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, तक्रारी पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे, विभागीय चौकशा घटकप्रमुखांच्या कपाटात आणि खटले कोर्टात. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. २०२१ सालासाठी गुन्हे नोंद विभागाने देशभरात ८८ कोठडीमृत्यू दाखवले. २०२१-२२ या आर्थिक वर्षासाठी मानवी हक्क आयोगाकडची पोलीस कोठडीतली नोंद १७५ होती. कालावधीत तीन महिन्यांचा फरक आहे, व्याख्येतही असेल. पण दुपटीचा फरक?

आणि हे फक्त मृत्यूंचं झालं. मार खाऊन जिवंत बाहेर आलेल्यांची मोजणी होत असेल, असं समजायचं धाडस मी करत नाही.

मुळात नोंद कोण करतं यावर सगळं अवलंबून आहे. परभणीचा ख्वाजा युनूस हा संगणक अभियंता घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं, की औरंगाबादकडे नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. म्हणजे कागदावर पहिला गुन्हा चढला तो त्याच्यावर, पलायनाचा. पुढे सीआयडीच्या तपासात ही पळून जाण्याची गोष्टच बनावट असल्याचं पुढे आलं आणि चार पोलिसांवर खटला उभा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीतल्या तरुणाबद्दलही पोलिसांनी आधी हेच सांगितलं, की तो पळून गेला. त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप नंतर त्याच ठाण्यातल्यांवर आला. दोन घटनांत जवळपास पंधरा वर्षांचं अंतर आहे, आणि स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, लिहायचं वाक्य तेच. ज्याने गुन्हा केल्याचा संशय आहे त्याच्याच हातात डायरी, आणि त्या डायरीवरून जिल्ह्याचा, जिल्ह्यावरून राज्याचा, राज्यावरून दिल्लीचा तक्ता तयार होतो. असा तक्ता मी पुरावा म्हणून कोर्टात दिला, तर न्यायाधीश मला हसतील.

डायरीवर भरवसा नको म्हणूनच तर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवा आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर तरी, ठेवा असं सांगितलं. चित्रण मागितलं की ते साठवणारा डीव्हीआर नादुरुस्त होता, हे उत्तर मला आता तोंडपाठ झालं आहे.

ख्वाजा युनूस प्रकरणाचं शेपूट आपल्या आठवणीत असेलच. त्यातले एक आरोपी सचिन वाझे २००४ मध्ये निलंबित झाले. जून २०२० मध्ये, कोविडच्या काळात मनुष्यबळ कमी पडतं म्हणून, त्यांना परत घेतलं गेलं आणि काही दिवसांतच मुंबई गुन्हे शाखेत नेमणूक मिळाली. खटला तोवर संपलेला नव्हता. मार्च २०२१ मध्ये अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना अटक केली, मेमध्ये ते बडतर्फ झाले. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय देईल. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. खुनाच्या खटल्यातला आरोपी गुन्हे शाखेत बसला, तेव्हा निलंबनाच्या आढावा समितीपुढे काय ठेवलं होतं, हे जनतेला आजही पाहता येत नाही. सरकार तेव्हा आपलं नव्हतं, हे मान्य. पण पद्धत तीच आहे, आणि आता ती आपल्या खात्याची आहे.

आपल्या काळातलंही बोलू. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा अटकेनंतर मृत्यू झाला. पोलिसांनी मारहाण केल्याचं दिसत नाही, असं निवेदन आपण विधानसभेत केलंत. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता, आणि दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदवा असं सांगायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पुढे यावं लागलं. आपलं सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. यात मोजणीची गोम अशी, की सोमनाथचा मृत्यू न्यायालयीन कोठडीत असताना झाला. असे मृत्यू तुरुंगांच्या आकडेवारीत जातात, पोलीस कोठडीच्या रकान्यात नाही. मार ठाण्यातला असला तरी जीव तुरुंगात गेला, की ठाण्याची पाटी कोरी.

आणि रकान्यात आलेल्यांचं तरी काय होतं? गुन्हे नोंद विभागाच्याच आकड्यांनुसार २००१ ते २०२० या काळात देशात १,८८८ कोठडीमृत्यू झाले, पोलिसांवर ८९३ गुन्हे नोंदले गेले, ३५८ जणांवर आरोपपत्र आलं आणि शिक्षा झाली २६ जणांना. उरलेले कुठे गेले हे सांगणारा पाचवा रकाना त्या तक्त्यात नाही. वर्तमानपत्रात येतं, ‘नियंत्रण कक्षाशी संलग्न’. आठ-दहा महिन्यांनी तेच साहेब दुसऱ्या तालुक्यात ठाणे प्रभारी म्हणून गणेशोत्सवाच्या शांतता समितीत नारळ फोडत असतात.

हे जमणारच नाही, असं कृपा करून सांगू नका. आपल्याच अखत्यारीतला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हे बऱ्यापैकी करतो. सापळा कुठे लागला, किती रकमेचा, कोणत्या पदावरचा माणूस, हे दुसऱ्या दिवशी कळतं. वर्षाचे विभागवार आकडे मिळतात (महसूल आणि पोलीस यांची वरच्या जागांसाठीची चुरस बघण्यासारखी असते). सापळ्यात सापडूनही निलंबित न झालेले, शिक्षा होऊनही बडतर्फ न झालेले किती, हेही त्या विभागाने वेळोवेळी जाहीर केलेलं आहे. म्हणजे हवालदाराने पाचशे रुपये घेतले तर महाराष्ट्राला कळतं. त्याच हवालदाराने कुणाचा हात मोडला, तर ती वैयक्तिक माहिती होते.

मोजणी कुठे करायची, तेही ठरलेलं आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं मागितली. आपण २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. सिरोंच्याच्या माणसाने तक्रार घेऊन तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या नागपूरला यायचं. तेवढ्या प्रवासात पुष्कळ तक्रारी विरून जातात, आणि तक्रारी कमी म्हणून समाधान मानता येतं.

माझं मागणं असं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे एक उघडी नोंदवही द्या. सीआयडीकडे नको, तेही पोलीसच. पोलिसावर गुन्हा नोंदला गेला की त्याचा सेवार्थ क्रमांक, म्हणजे सरकारी कर्मचारी म्हणून असलेला ओळख क्रमांक, त्या गुन्ह्याशी जोडला जावा, म्हणजे बदली झाली तरी धागा तुटणार नाही. मग निलंबन कधी, खटल्याची परवानगी कधी मागितली आणि किती महिने मंत्रालयात पडून राहिली, आरोपपत्र, निकाल, विभागीय चौकशीत काय ठरलं आणि माणूस आज कुठे आहे, हे सगळं एकाच ओळीत यावं. मृत्यू कुठल्याही कोठडीत होवो, आधीचे तास कोणत्या ठाण्यात गेले याचा रकाना हवा. आरोपपत्रापर्यंत नाव झाकून ठेवा, माझी हरकत नाही. पण नुसते तक्रारअर्जही त्या वहीत आत नोंदले जावेत आणि पदक, पदोन्नती किंवा प्रभारी नेमणूक देणाऱ्या प्रत्येकाला ती उघडून बघणं बंधनकारक असावं. कुरुंदकरच्या फायलीत नेमकं तेच नव्हतं.

ब्रिटनमध्ये बडतर्फ पोलिसांची यादी जाहीर असते आणि त्यातल्या माणसाला पुन्हा पोलीस दलात घेता येत नाही. अमेरिकेत सरकार मोजत नाही म्हणून फिलिप स्टिन्सन हे पूर्वी पोलिसात असलेले प्राध्यापक २००५ पासूनच्या पोलिसांच्या अटका बातम्यांतून वेचून नोंदवत आले आहेत. आपल्याकडे ते काम एखाद्या प्राध्यापकावर सोडायचं का, हे आपण ठरवा.

खुल्या पत्रांनी काय होतं, असं बाररूममध्ये मला विचारून झालं आहे. देसाईगंज ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारातले दोन पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना असंच पत्र लिहिलं होतं. त्यातून चळवळ उभी राहिली, १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा म्हणून पुस्तकात आला. स्वतंत्र शीर्षक मिळालं, तेव्हा कुठे तो वेगळा मोजता येऊ लागला.

याने पोलिसांचं मनोधैर्य खचेल, असं आपल्याला वरिष्ठ सांगतील. अश्विनी बिद्रे पोलीसच होत्या. शिवाय अशी वही झाली, तर पुष्कळ प्रकरणांत शिपाई आणि हवालदारच निलंबित का होतात आणि हुकूम देणारे साहेब कुठे जातात, हेही तिच्यातून दिसेल. खालच्या कर्मचाऱ्यांपैकी कितीजणांना ते नको असेल, हे एकदा त्यांनाच विचारून बघा.

येत्या अधिवेशनात निदान एक तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवा: आज महाराष्ट्र पोलीस दलात कामावर असलेल्यांपैकी किती जणांवर फौजदारी खटले चालू आहेत आणि ते कोणत्या पदांवर, कोणत्या शाखांमध्ये बसले आहेत. माहिती संकलित नसेल तर तसं सभागृहात सांगा आणि संकलनाची तारीख द्या.

आपला,
जिल्हा न्यायालयातला एक वकील