स्मोक अलार्म बेडरूममध्ये हवा, किचनमध्ये नव्हे

संपादक महोदय,

जानेवारी आणि जुलैमध्ये सोसायटीचा ‘बी फॉर्म’ भरला की घर आगीपासून सुरक्षित झाले, असा ठाणे-नवी मुंबईत अनेकांचा समज आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे हे सहामाही प्रमाणपत्र लागते, पण जुन्या इमारतींत ती तपासणी पंप, होज रील (आग विझवायच्या पाण्याच्या नळीचे रीळ) आणि जिन्यापाशीच संपते. दाराच्या आतले आपले आपणच बघायचे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात १ जानेवारी २०२७ पासून सर्व घरांत प्रत्येक बेडरूमला आणि बेडरूम जोडणाऱ्या पॅसेजला एकमेकांशी जोडलेले फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या साहाय्याने धूर ओळखणारे) अलार्म सक्तीचे होत आहेत. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून हॉल आणि पॅसेजला स्मोक अलार्म, तर किचनला हीट अलार्म लागतो. या दोन्ही नियमांतले चांगले तेवढे आपल्याला आजच उचलता येईल.

अलार्म म्हटले की आपल्याकडे पहिला हात किचनकडे जातो. मिरचीची फोडणी बसली की तो कोकलतो, आठवड्याभरात कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढतो आणि रिकामी डबी छताला लटकत राहते. किचनमध्ये उष्णता ओळखणारा हीट अलार्मच हवा. तो साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला वाजतो. टू बीएचकेला दोन बेडरूम, पॅसेज आणि हॉल असे चार स्मोक अलार्म आणि किचनला एक हीट अलार्म लागतो. पाचही एकाच कंपनीचे आणि वायरलेसने जोडलेले घ्यावेत. जोडणी नसेल तर हॉलमध्ये सोफा धुमसत असताना दार लावून, एसी सुरू ठेवून झोपलेल्याला काहीच ऐकू न येण्याची शक्यता असते.

खरेदीत सर्रास होणारी चूक म्हणजे मुंबईच्या लोहार चाळीत स्वस्त मिळाला म्हणून पॅनलवर चालणारा डिटेक्टर आणणे. तो कंट्रोल पॅनलला जोडल्याशिवाय निरुपयोगी, आणि त्यात सहसा भोंगाही नसतो. खोक्यावर ‘स्टँडअलोन’ (पॅनलशिवाय चालणारा) आणि ‘इंटरकनेक्टेबल’ (दुसऱ्या अलार्मशी जोडता येणारा) हे दोन्ही शब्द शोधा. आवाज ३ मीटरवर ८५ डेसिबल आणि बॅटरी १० वर्षांची सीलबंद लिथियम असावी. अमेरिकेतल्या भावाला आणायला सांगणार असाल तर घरच्या विजेवर चालणारा नको. तो १२० व्होल्टचा असतो.

खरी कसरत जागा ठरवताना होते, कारण आपल्या खोल्या लहान आणि मधोमध पंखा. क्वीन्सलँडचा नियम सांगतो की अलार्म पंख्याच्या पात्यापासून ४० सेंटीमीटर आणि भिंत-छताच्या कोपऱ्यापासून ३० सेंटीमीटर लांब हवा. पंख्याच्या पात्यांचा व्यास १२०० मिलिमीटर, म्हणजे ६० अधिक ४० सेंटीमीटर धरून पंख्याच्या मध्यापासून अलार्म किमान १ मीटर दूर. दहा बाय दहाच्या खोलीत पंख्यापासून भिंत दीड मीटरवर. तिथले ३० सेंटीमीटर वजा केले की सरळ रेषेत जेमतेम २० सेंटीमीटरची पट्टी उरते. म्हणून अलार्म खोलीच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरका सरकवावा, मात्र दोन्ही भिंतींचे अंतर सांभाळून. एसीचा झोत आणि देवघराचा कापूर टाळावा. ड्रिल मारताना पंख्यापासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणारी रेषा सोडा. स्लॅबमधला वायरचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. रंगकामात धूळ बसू नये म्हणून घातलेली प्लॅस्टिकची टोपी नंतर काढायला विसरू नका. टोपीखालचा अलार्म टेस्ट बटण दाबल्यावर वाजतो, पण धूर त्याच्या आत पोचतच नाही.

स्मोक अलार्मला गॅसगळती कळत नाही. त्यासाठी वेगळा डिटेक्टर लागतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभर वर. पाइपचा गॅस हलका, म्हणून छतापासून फूटभर खाली. सिलिंडर जाऊन पाइपलाइन आली, पण डिटेक्टर ओट्याखाली तसाच राहिला, असे घडू देऊ नये.

महिन्यातून एकदा एका अलार्मचे बटण दाबून बाकीचे चार वाजतात का ते पाहावे. आरसीसी भिंतींत सिग्नल अडकू शकतो, म्हणून सर्वांत दूरच्या खोलीतून सुरुवात करावी. पावसाळ्यात बारीक किडे आत शिरतात आणि खोटा अलार्म वाजतो; व्हॅक्युम क्लिनरचा मऊ ब्रश बाहेरच्या फटींवरून फिरवावा. उत्पादनाची तारीख मागे छापलेली असते, तिथून १० वर्षांनी अलार्म बदलायचा, तो वाजत असला तरी.

सोसायट्यांनी वार्षिक सभेत एकत्रित खरेदीचा विषय घ्यावा. आणि ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या अग्निशमन दलांनी फ्लॅटमध्ये अलार्म कुठे लावावा याचे एक पान मराठीत सूचना फलकांसाठी द्यावे. त्यात पंख्यापासूनचे अंतर आकृती काढून दाखवावे, ही विनंती.

– एक फायर अलार्म तंत्रज्ञ, ऐरोली