नळी चांदीची असू दे, पण काढायची कधी ते आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅथेटरवर, म्हणजे लघवीच्या नळीवर, चांदीच्या नॅनो कणांचा थर दिला की इन्फेक्शनची भीती नाही, असं हल्ली सारखं कानावर येतंय म्हणून लिहितोय. आम्ही मूळचे हुपरीचे, दोन पिढ्या पैंजणाच्या कामात. चांदीची पट्टी वर्षानुवर्षं पडून राहिली तरी फार तर काळी पडते, पण तीच चांदी १ ते १०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) इतकी बारीक केली की तेवढ्याच वजनात तिचा पृष्ठभाग कितीतरी पटीनं वाढतो, ओलाव्यात तिचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, भराभर सुटतात आणि जंतूंच्या आवरणावर, आतल्या प्रथिनांवर मारा करतात. म्हणजे शास्त्र खरं आहे, आपल्या शिवाजी विद्यापीठातही नॅनो विषय शिकवतात याचा मला अभिमान आहे.

पण माझ्या वडिलांना खुब्याच्या ऑपरेशनला लघवीची नळी घातली ती नऊ दिवस तशीच. चौथ्या दिवशीच बाबा वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायला लागलेले, तरी नळी कशाला ठेवलीय हे आम्ही विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप, बाबा असंबद्ध बडबडायला लागले, आईचं नाव विसरले. नळी काढली तर टोकाला खडूसारखा पांढरा थर, बोटाला खरखरीत लागणारा. काही जंतू लघवीतला युरिया फोडतात, मग क्षार साचतात, त्यातच जंतूंचा चिकट थर बसतो, आणि असं पांघरूण पडलं की खालची चांदी काय करणार?

ब्रिटनमध्ये २४ हॉस्पिटलांत सुमारे ७ हजार पेशंटवर वेगवेगळ्या नळ्यांची चाचणी झाली, त्यातल्या काहींना चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेली नळी घातली, २०१२ साली निकाल आला, तर चांदीच्या नळीत लघवीचं इन्फेक्शन १२.५ टक्के आणि साध्या नळीत १२.६. ती चांदी नॅनो नव्हती हे मान्य, पण म्हणूनच नॅनोवाल्यांनीही प्रयोगशाळेतल्या बशीतला नाही, पेशंटवरचा आकडा दाखवावा, मगच जादा बिल लावावं. हाडाच्या कॅन्सरमध्ये बसवायच्या मोठ्या इम्प्लांटची, म्हणजे शरीरातल्या कृत्रिम भागाची, गोष्ट वेगळी, ते सारखं काढता येत नाही, तिथं काही वेळा चांदीचा थर देतात, ते मला पटतं.

लघवीची नळी मात्र काढता येते हो! ज्यांचं माणूस आज ॲडमिट आहे त्यांनी रोज सकाळी राउंडला डॉक्टरांना विचारा, नळी अजून लागतेय का, आणि लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता अडकवलीय ना ते स्वतः बघा. आपल्या पेपरनं एवढं चौकटीत छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर