संग्रहालयांची ऑनलाइन चित्रे वर्गात वापरण्याबाबत

सर्व सदस्य कलाशिक्षकांना विनंती आहे की, इंटरनेटवर कुठेही सापडणारी, रंग बिघडलेली चित्रे मुलांना न दाखवता संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील चित्रेच वापरावीत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील डच चित्रकार व्हर्मीरचे दूध ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र (सुमारे १६६०) प्रत्यक्षात जेमतेम ४५.५ × ४१ सेंटीमीटरचे आहे. परंतु संकेतस्थळावर ते मोठे करत गेल्यास भिंतीतला खिळा, पावावरचे प्रकाशाचे ठिपके आणि जमिनीवरची पाय शेकण्याची पेटी इतकी स्पष्ट दिसते की, पुस्तकातल्या छापील चित्रावरून तो पाठ शिकवणे मला आता अपुरे वाटते. आपण काही सांगण्यापूर्वी मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे, ही माझी आग्रहाची विनंती.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना विनापरवाना वापरण्यास खुली केली आहेत. मात्र तेथील प्रत्येक चित्र असे मुक्त नसते, म्हणून चित्रासोबतची हक्कविषयक नोंद वाचूनच ते उतरवून घ्यावे आणि फळ्यावर चित्रकार, वर्ष व संग्रहालयाचे नाव लिहावे. वर्गातील नेटचा भरवसा नसल्यास चित्रे आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घ्यावीत.