हेन्ली ते मेडनहेड, आणि तुमच्यासाठी पाच किलोमीटर

रेडिंग, रविवार

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

काल थेम्सच्या काठाने हेन्लीपासून मेडनहेडपर्यंत चालत गेले. सुमारे २५ किलोमीटर. सकाळी ट्वायफर्डला गाडी बदलून हेन्लीला उतरले आणि दिवेलागणीला मेडनहेड स्टेशनात होते. फोनवर एवढं सगळं सांगून होत नाही, आणि मला तुमच्याकडे काही मागायचंही आहे, म्हणून लिहायला बसले.

केम्बलजवळच्या उगमापासून लंडनच्या पूररोधक दरवाजांपर्यंत या नदीच्या सोबतीने पायवाट आहे, २९४ किलोमीटर. राष्ट्रीय पायवाट म्हणून ती १९९६ साली खुली झाली, पण मुळात ती घोड्यांची वाट. मालाच्या नावा दोर लावून घोडे ओढायचे, ते या काठाने चालायचे. वाट कधी या काठाला, कधी त्या काठाला. काठ बदलला की घोड्यांना होडीत चढवून पलीकडे न्यायचे. त्या होड्या कधीच बंद झाल्या. म्हणून अ‍ॅस्टन नावाच्या खेड्यापाशी वाट नदी सोडून आत वळते, चढण चढते आणि बरीच पुढे जाऊन पुन्हा पाण्याला मिळते.

त्याच्या अलीकडे हॅम्बल्डनला पहिलं लॉक लागलं. बाबा, तिथे तुम्ही हवे होतात. नदीवर आडवा बंधारा, त्याला उघडझाप करायची दारं, आणि बाजूला नावांसाठी लांबट हौद. हौदाच्या दोन्ही टोकांना जोडदरवाजे. ते मिटताना त्यांचं टोक उगमाच्या दिशेला येतं, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. एक नाव आत आली, मागचे दरवाजे मिटले, खालच्या झडपा उघडल्या आणि नाव अलगद खाली उतरली. लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत अशी ४४ लॉक आहेत. प्रवाह वाढला की लॉकवर पिवळे फलक लावतात, फार वाढला की लाल, आणि मग नावांनी बाहेर पडायचं नाही. काल कुठेच फलक नव्हता. इथला मोठा पूर हिवाळ्यातला. उन्हाळ्यातला पाऊस झाडं आणि ऊन पिऊन टाकतात, हिवाळ्यात मात्र जमीन आधीच भिजलेली असते. २०१४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत या सगळ्या पट्ट्यात पाणी घुसलं होतं.

अ‍ॅस्टनच्या पुढे चढावर डोक्यावर घारी घिरट्या घालत होत्या. आपल्या घारीपेक्षा तांबूस, आणि शेपटी खोल दुभंगलेली. इंग्लंडमधून त्या पार नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून मुख्यतः स्पेनमधली पिल्लं आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडली, आणि आता मान वर केली की दिसतात. आई, तुला आठवतं, तू वाळवण घातलंस की मला राखण बसवायचीस? चढ संपला तरी मी वर बघतच चालले होते.

हर्लीला नदीकाठच्या बाकावर डबा उघडला. मेथीच्या दशम्या आणि तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी आता तळाला गेली आहे, हे जाता जाता सांगते.

हर्ली सोडलं की थोड्या अंतरावर एक लाकडी पादचारी पूल लागतो. तिथेही पूर्वी घोड्यांची होडी होती. या वाटेसाठी १९८९ साली तो मुद्दाम बांधला. पलीकडे गेलं की मार्लोपर्यंत सपाट गवत. समोरच्या काठावर बिशमचं बाराव्या शतकातला बुरूज असलेलं चर्च, अगदी पाण्याला लागून. काठाने विलो, आपल्या कृष्णेवरच्या वाळुंजाचे भाऊबंद, पानं पिवळी होऊन पाण्यावर पडत होती. मार्लोचा झुलता पूल १८३२ चा. तो ज्याने बांधला त्या विल्यम टियर्नी क्लार्कनेच पुढे बुडापेस्टचा मोठा साखळी पूल आखला. बाबा, फोटो पाठवते, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आता मुख्य गोष्ट. मार्लो ते बोर्न एंड हा टप्पा मी मुद्दाम सावकाश चालले, तुमच्या डोळ्यांनी बघत. साधारण पाच किलोमीटर आणि पूर्ण सपाट. एकीकडे नदी, पलीकडे क्वारी वुडचा उतार बीच झाडांनी भरलेला, नुकता तांबूस व्हायला लागलेला. ठिकठिकाणी बाक आहेत. गेलेल्या माणसांच्या नावाने घरच्यांनी बसवलेले, खूपदा त्यावर लिहिलेलं असतं की त्यांना ही जागा आवडायची. मार्लोच्या नदीकाठच्या बागेत स्वच्छतागृह आहे, चहा मिळतो. आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन. मार्लोची गाडी मेडनहेडहून बोर्न एंडवरूनच जाते. म्हणजे जाताना गाडी, येताना पाय, किंवा उलट. मध्येच दमलात तर घाई कसलीच नाही, बाकावर तासभर बसायचं.

त्या टप्प्यात मला बाबांच्या वयाची कितीतरी माणसं भेटली. दोन्ही हातांत काठ्या घेतलेले एक आजोबा, शेजारी आजी, दोघं चार पावलं टाकायची आणि थांबून बदकं बघायची. कोणी त्यांना मागून रेटत नव्हतं. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले, कारण मला तुम्ही दोघं तिथे दिसलात.

बोर्न एंडला रेल्वेपुलाच्या कडेने पायी पलीकडे जाता येतं. मग कॉक मार्श नावाचं मोठं मोकळं गवताळ रान, गुरं चरत असतात, आणि कुकम गाव. पाऊस होऊन गेला असेल तर तिथे चिखल होतो, म्हणून हा भाग तुमच्यासाठी त्या दिवशीचं हवामान बघून. कुकमलाही स्टेशन आहे.

कुकमनंतरचा तासभर मात्र मी कधी विसरणार नाही. समोरच्या काठावर क्लिव्हडनचा उंच कडा आहे, वरपासून पाण्यापर्यंत झाडीच झाडी. कड्याचं तोंड पश्चिमेला. उतरतीचं ऊन थेट त्या झाडीवर पडलं होतं आणि सगळा कडा तांब्याचा झाला होता, पाण्यात उलटा. एक खंड्या निळी रेघ मारून गेला. आई, तेव्हा तुझी फार आठवण आली. शरदातलं ऊन डोळ्यांना लागत नाही, ते अंगाला लागतं, असं तू म्हणायचीस.

बोल्टर्स लॉकच्या जरा वर एक फाटा फुटतो, ज्युबिली नदी. नाव नदीचं, पण तो माणसांनी खणलेला पूरकालवा आहे, ११.६ किलोमीटर लांब, २००२ साली पूर्ण झाला. वळणं दिली, काठाला गवत-वेत वाढू दिले, त्यामुळे सांगितल्याशिवाय कळत नाही. मेडनहेड आणि विंडसरचं पुरापासून रक्षण करायला तो काढला. २००३ च्या पुरानंतर खालच्या अंगाच्या गावांनी तक्रार केली की पाणी आमच्या माथी मारलंत. बाबा, सांगली आणि अलमट्टीबद्दल तुम्ही जेवताना बोलायचात ते सगळं आठवलं. इथल्या वादावर तुमचं मत काय होईल, ते मला कालवा दाखवून ऐकायचं आहे.

शेवटी ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेला रेल्वेपूल. विटांच्या दोन कमानी, एकेक १२८ फूट लांब आणि उंची फक्त २४ फूट. इतकी चपटी कमान उभी राहणारच नाही, असं तेव्हाचे लोक म्हणत होते. १८३९ पासून ती उभी आहे आणि आज तिच्यावरून लंडनच्या गाड्या धडधडत जातात. कमानीखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज पुन्हा पुन्हा परत येतो. मी वाजवली.

बाबा, आता तुमच्याशी. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बराच काळ झाला. डॉक्टर चाला म्हणतात, आणि तुम्ही फाटकापर्यंत जाऊन परत येता, असं आई सांगते. धोमच्या कालव्यावरून दिवसदिवस पायी तपासणी करणारा माणूस मी लहानपणी पाहिला आहे. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मलाही न्यायचात आणि माझे पाय दुखले तर भरावावर बसून पाणी कुठून येतं, कुठे जातं ते सांगायचात. मला नदीकाठाने चालायची ओढ तुमच्यामुळे आहे. तुम्ही घरात बसून राहिलात हे मला इथे राहून सहन होत नाही. तुमच्या तब्येतीची काळजी आहेच, पण त्याहून जास्त म्हणजे मला तुमच्याबरोबर चालायचं आहे, तुम्हाला चालता येतंय तोवर.

म्हणून पुढच्या वर्षी या. आईला नवरात्र घरीच हवं, घट घरीच बसणार, हे मला माहीत आहे. तेव्हा दसरा झाला की निघा आणि दिवाळी माझ्याकडे करा. त्या दिवसांत पानं रंग बदलत असतात, वाट बहुधा कोरडी असते आणि थंडी अजून बोचत नाही.

तयारी आतापासून. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी आईबरोबर गणपती घाटापर्यंत जा, ढोल्या गणपतीला नमस्कार करून परत. मग गंगापुरीच्या घाटापर्यंत. उन्हाळ्याच्या आत मेणवलीच्या रस्त्याला लागा, आणि एक दिवस पार मेणवलीच्या घाटावर पोचून चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेल्या घंटेखालून मला फोन करा. तेवढं जमलं की मार्लो ते बोर्न एंड नक्की जमेल. आई, तू त्यांच्या पुढे निघून जाऊ नकोस, त्यांच्या चालीने चाल.

बूट मी इथून पाठवते, बाबांच्या पायाचं माप कागदावर पेन्सिलीने काढून फोटो पाठव, संध्याकाळी काढ, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बाबांच्या पासपोर्टची मुदतही बघून ठेवा, संपत आली असेल तर दिवाळी झाल्यावर लगेच अर्ज करू. पुढच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातील, म्हणजे माझा फोन तुम्हाला तासाभराने उशिरा येईल. जागं राहू नका, मी सकाळी करेन.

तुमची,
मनू