मागे फिरता येईल का? सेवानिवृत्त सेक्रेटरी मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या भाषणांत तुमच्या हसतमुखपणाचं कौतुक पुष्कळ झालं, पण चुन्याचं नाव कुणीच काढलं नाही. छपराच्या निधीचं नाही, रिकाम्या खोल्यांतल्या नळांचं तर नाहीच. म्हणून आपल्या क्लबच्या कमिटीतर्फे हे उघड पत्र.

कोणताही प्रस्ताव आला की तुमचा प्रश्न ठरलेला असे : चुकलं तर मागे फिरता येईल का? कमिटीला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भिंतीचंच घ्या. जुन्या इमारतीत ओल दिसली की सिमेंटचा गिलावा आणि वर जलरोधक रंग, ही बहुतेक कंत्राटदारांची पहिली सूचना असते. पण चुन्यात बांधलेल्या भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतल्या चुन्यातून हळूहळू उडून जातं. सिमेंटनं ती वाट बुजवली की ते विटेतून बाहेर पडू लागतं, सोबत आणलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचं तोंडच पोपड्यांनी गळू लागतं. मग सिमेंट उकलायला जावं तर वीटही त्याच्याबरोबर निघून येते. तुम्ही गवंड्याला बोलवायच्या आधी पन्हळ, पावसाच्या पाण्याची उतरती नळी आणि भिंतीलगतची माती तपासायला लावलीत. फुलांच्या वाफ्यात वर्षानुवर्षं भर पडत माती आतल्या फरशीपेक्षा उंच गेली, तर कोणताही गिलावा टिकत नाही. आधी माती उतरवायची, भिंत वाळू द्यायची आणि मगच सांधे भरायचे. तेही ग्राइंडर न लावता, हातछिन्नीनं, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडून. भिंत भिजवून घ्यायची, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू भरायची आणि पुढचे कित्येक दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. तो उन्हानं पटकन वाळला तर भुगा होतो. लग्नसमारंभाच्या आरक्षणासाठी हे गोणपाट दोन दिवस आधी काढा, असा आग्रह धरणाऱ्यांना तुम्ही दिलेलं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

वाय-फायच्या वेळीही तोच नियम. तारा भिंत फोडून न नेता बंद पडलेल्या धुराड्यातून आणि जुन्या सामान-लिफ्टच्या पोकळीतून वर नेल्या. प्रत्येक स्क्रू दगडात न ठोकता सांध्यात बसवला, कारण सांधा पुन्हा भरता येतो, दगड भरता येत नाही. पंधरा वर्षांनी हे तंत्रज्ञान बदलेल तेव्हा काढताना फक्त चुना लागेल.

चांदीच्या कपाटाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. बऱ्याच क्लबांत चषक आणि जेवणाची भांडी दर महिन्याला घासून लखलखीत करतात आणि त्यालाच निगा समजतात. मुलाम्याच्या भांड्यावर चांदीचा थर पातळ असतो. प्रत्येक घासणीत तो थोडा जातो आणि कडांना खालचा पिवळट धातू उघडा पडतो. चषकांवर कोरलेली जुनी नावंही अशीच पुसट होतात. तुम्ही घासणं कमी केलंत आणि धुणं वाढवलंत : वापरलेलं भांडं त्याच रात्री कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुऊन लगेच पुसायचं, मीठदाण्या रोज रिकाम्या करायच्या, काटे-चमचे रबरबँडनं कधीही बांधायचे नाहीत. रबरातल्या गंधकानं चांदीवर काळी रेघ उठते. कपाटातलं लोकरी अस्तरही त्याच कारणानं काढलंत. भिंतीवरच्या तैलचित्रांना २०० लक्सपर्यंतचा उजेड आणि जुनी छायाचित्रं, जलरंग व नोंदवह्या यांना ५० लक्स, हे आकडे आता विजेच्या बटणांशेजारी चिकटवलेले आहेत. उडालेला रंग परत येत नाही, एवढंच तुम्ही म्हणाला होतात.

परंपरेचं नाव घेऊन स्वयंपाकघर जुनंच ठेवायचं, हे मात्र तुम्ही कधी मान्य केलं नाही. लंडनच्या रिफॉर्म क्लबनं १८४१ मध्ये नव्या इमारतीत प्रवेश केला, तेव्हा अलेक्सी सोयेर या आचाऱ्यानं तिथे गॅसच्या शेगड्या बसवल्या होत्या आणि ते स्वयंपाकघर पाहायला लोक येत. म्हणजे जुन्या क्लबांची परंपरा त्या काळी नव्यातली नवी यंत्रं वापरण्याची होती! मोठ्या मेजवानीनंतर उरलेला रस्सा खोल पातेल्यात तसाच शीतगृहात ठेवला तर कडा गार होतात आणि मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो. जंतूंना तेच हवं असतं. त्यावर तुमची पद्धत अशी : ५ सेंटिमीटरहून कमी जाडीचा थर उथळ ट्रेमध्ये ओतायचा, ६० अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत आणायचा, दोन्ही वेळा तापमापक घालून वहीत लिहायचं. पहिल्या दोन तासांत २१ अंश गाठले नाहीत तर ते पुन्हा उकळायचं किंवा टाकायचं.

पाहुण्यांच्या खोल्या कित्येक आठवडे रिकाम्या असतात. नळात साठलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवणं आणि प्रत्येक रिकाम्या खोलीतले नळ व शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहते सोडणं, या कामाचं कौतुक कोणता पाहुणा करणार?

पाहुणचाराबद्दल एकच सांगतो. सभासदाचं नाव, बसायची जागा, कोणता पदार्थ सोसत नाही, हे वाढप्याला ठाऊक असायला हवं. कोण कुणाबरोबर जेवलं हे मात्र कुणालाही सांगायचं नाही. आरक्षण संगणकावर नेताना तुम्ही या दोन माहित्या वेगळ्या ठेवल्यात. पथ्याची नोंद स्वयंपाकघराला दिसते, टेबलाची यादी रात्री पुसली जाते. आणि कर्मचाऱ्याला सभासदानं परस्पर झापायचं नाही. तक्रार लेखी, तुमच्याकडे, २४ तासांत उत्तर. हा नियम काही ज्येष्ठांना फार लागला होता.

पैशांच्या बाबतीत तुम्ही सगळ्यांत कठोर होतात, आणि त्यासाठी आभारही सगळ्यांत जास्त. वर्गणीतून रोजचा खर्च, प्रवेश शुल्कातून फक्त इमारत. प्रवेश शुल्क पगारांत वापरायला लागलं की तूट दिसत नाही. पुढल्या वर्षी ती भरायला आणखी सभासद घ्यावे लागतात, भोजनगृहात टेबल मिळेनासं होतं, जुने सभासद येणं सोडतात आणि वसुली आणखी घटते. त्यापेक्षा वर्गणी थोडी वाढवून शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं तुम्ही ताळेबंदाच्या सभेत उभ्यानं सांगितलंत. छप्पर, वायरिंग, लिफ्ट, बॉयलर यांची यादी, प्रत्येकाचं उरलेलं आयुष्य आणि बदलण्याचा खर्च : चाळीस वर्षं टिकणाऱ्या छपराचा चाळिसावा हिस्सा दर वर्षी बाजूला आणि महागाईनुसार तो आकडा दर वर्षी नव्याने. दोन वर्षांनी बदलणाऱ्या कमिटीला असल्या गोष्टी कधीच निकडीच्या वाटत नाहीत. तिला पडदे बदलायचे असतात.

भ्रमणध्वनीचा नियम, पोशाखाचा नियम, मुलांच्या वेळा, हे सगळं तुम्ही सहा महिन्यांच्या चाचणीवर आणलंत आणि दोन गोष्टी विनातक्रार मागेही घेतल्यात. सभासदत्वाच्या समानतेचा ठराव मात्र चाचणीवर ठेवायला साफ नकार दिलात. रिफॉर्म क्लबनं स्त्रियांना १९८१ मध्ये सभासद करून घेतलं, लंडनच्याच गॅरिक क्लबला २०२४ उजाडलं. या दोन तारखा सभेपुढे ठेवून तुम्ही म्हणालात की इथे मागे फिरायची सोय नको. तुमच्या प्रश्नाला अपवाद आहे हे तेव्हा कळलं.

तुमची हस्तांतराची वही नव्या सेक्रेटरींकडे दिली आहे. किल्ल्यांचे नंबर, मुख्य पाण्याची झडप, कोणत्या सुताराला कोणत्या खिडकीचं कोडं ठाऊक आहे, सगळं आहे. जिन्याखालच्या घड्याळाचं पान आम्ही त्यांना पहिल्याच दिवशी उघडून दाखवलं. आठ दिवस चालणाऱ्या घड्याळाला किल्ली सातव्या दिवशी, म्हणजे दर सोमवारी सकाळी. ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे उलटे फिरवायचे नाहीत. पुढे गेलं असेल तर लोलक धरून थांबवायचा आणि खरी वेळ तिथवर पोचेपर्यंत शेजारी उभं राहायचं.

त्या सोमवारी ते चार मिनिटं पुढे होतं. त्या उभ्या राहिल्या.

आपले कृतज्ञ,
व्यवस्थापन कमिटीचे सर्व सदस्य